ठमीला सलाईन

वाटाण्याच्या शेंगा अर्ध्या सोलून झाल्या होत्या, आणि सोललेल्या वाटाण्यांतले निम्मे माझ्या पोटात गेले होते. एवढ्यात दार ढकलून जाऊबाई आत आल्या. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात मोठ्या दिरांचा बूट, गळ्यात मापाची टेप.

"धाकटे, ऊठ! ठमीला सलाईन लावलंय!"

मांडीवरचं ताट उलटलं. वाटाणे कपाटाखाली गेले ते अजून तिथेच आहेत.

सलाईन म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लोखंडी स्टँड, उलटी टांगलेली बाटली, हाताला पट्टी आणि सफरचंदं घेऊन भेटायला येणारे नातेवाईक. ठमी म्हणजे जाऊबाईंची नात, दीड वर्षाची. तिच्या हातात सुई टोचायला जागा तरी कुठे? मी देवाला म्हटलं, बाबा रे, सकाळी तुझ्यापुढे बसले तेव्हा माझं निम्मं लक्ष दुधाकडे होतं. त्याचा राग माझ्यावर काढ, पोरीवर नको.

जाऊबाई समोरच्याच दारात राहतात. शाळेचे गणवेश वाढवून, आखडून देणं हा त्यांचा धंदा आणि सर्दी ही त्यांची वैरीण. पँट लांब करायला आलेल्या पोराचा आधी घसा बघतात, मग कंबर. कुणी नाक ओढलं की शिलाई मशीन थांबतं.

"इकडे ये. हं, हिरवा आहे. कधीपासून?"

"अहो, आम्ही फक्त हुक लावायला आलोय," पोराची आई म्हणते. पण हुक लागायच्या आधी पोराच्या हातात मिठाच्या कोमट पाण्याचा पेला येतो आणि ते मुकाट्याने बेसिनशी उभं राहून गुळण्या करतं.

त्यांच्या शिवणाच्या कपाटाचा खालचा खण म्हणजे दवाखाना. गरम पाण्याची रबरी पिशवी, तिला फ्लॅनेलचं झबलं. जुन्या बनियनचे मऊ रुमाल, कडा दुमडून शिवलेले, ढिगाने. मध, आलं, बाम. दोन थर्मामीटर, एक खरं सांगणारा आणि एक थोडा चढवून सांगणारा. हा दुसरा शाळा बुडवायची असलेल्या पोरांचा फार लाडका. आणि सगळ्यांत खाली वाफेचं पातेलं. बिल्डिंगमधली पोरं त्यांना वाफआजी म्हणतात. तोंडावर नाही. मोठे दीर शिंक आली की जिन्यात जाऊन देऊन येतात. "घरात शिंकलो तर माझा अख्खा रविवार पातेल्यात जातो," असं ते म्हणतात.

जाऊबाईंचं शास्त्रही स्वतःचं आहे. सर्दी घोट्यातून शिरते. कुठे वाचलंत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वाचायला कशाला हवं? पोरांचे घोटे बघ, उघडेच असतात."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सूनबाई पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. ती आणि आमचा पुतण्या पलीकडच्या गल्लीत राहतात. दिवसभर ठमीला कुणाकडे ठेवायचं? जाऊबाईंनी सहा महिन्यांपासून आस लावली होती. मशीनशेजारी गादी घातली, टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस शिवला. सूनबाईने मात्र पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं आणि म्हणाली, "आई, एक आठवडा बघू या. नुसतं सांभाळायचं. उपचार नकोत."

चौथ्या दिवशी ठमी शिंकली.

सूनबाई संध्याकाळी न्यायला आली तेव्हा ठमीच्या दोन्ही मोज्यांत कांद्याच्या चकत्या होत्या, गळ्यात लसणाच्या पाकळ्यांची माळ होती, आणि पातेलं उकळत होतं. सूनबाई ओरडली नाही, तिथेच खरी भीती होती. तिने पोरीला उचललं, मोजे काढून ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "उकळतं पाणी, आई? हात घातला असता तिने. पाळणाघरच बरं."

त्या रात्री जाऊबाई जेवल्या नाहीत. मोठे दीर म्हणाले, त्या कांद्याची भजी करू, तर त्यांच्याशीही बोलल्या नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी सूनबाईचा फोन. मागे रस्त्याचे हॉर्न, ठमीचं भोकाड, आणि मधेच एवढंच ऐकू आलं, "आई, डॉक्टरांनी सलाईन दिलंय... आता नाही बोलता येत..." मग फोन बंद.

मी पायात चपला घालेपर्यंत जाऊबाईंनी खालचा खण रिकामा केला होता. रबरी पिशवी, रुमाल, बाम, दोन्ही थर्मामीटर. पातेलं त्यांनी छातीशी धरलं होतं. जिन्यात खालच्या मजल्यावरचा न्हावी भेटला. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती, तो त्याला तसाच ठेवून आमच्याबरोबर रिक्षात बसला. "सलाईन म्हणजे मावशी, रक्त लागलं तर? माझं कुठल्याही गटाला चालतं."

"गप बस रे मेल्या," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्याचा हात घट्ट धरून बसल्या.

जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या खिडकीशी बसलेल्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"ठमी."

"पूर्ण नाव, आजी."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी न्हाव्याकडे पाहिलं. नामकरणाला आम्ही सगळे हजर होतो, पण जन्मल्या दिवसापासून जिला ठमी म्हटलं तिचं खरं नाव कुणाला आठवतंय! जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या नातीचं नाव मला येत नाही," त्या पातेल्याला म्हणाल्या. "कुणी द्यावी माझ्याकडे पोर!"

तेवढ्यात आतून नर्सबाई आल्या. "आज एकही लहान मूल भरती नाही. सलाईन लावलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

रिक्षातून लागला नव्हता तो फोन मी पुन्हा लावला, स्पीकरवर. या वेळी सूनबाईने उचलला.

"काकू, कुठे आहात सगळे? मी घरीच आहे. सलाईन नाकात घालायचंय आणि ही कार्टी घालू देत नाहीये!"

"नाकात सलाईन?" न्हावी म्हणाला आणि भिंतीला टेकला.

नर्सबाईंना हसू आवरेना. त्यांनी अंगठ्याएवढी प्लास्टिकची कुपी आणून दाखवली. "हे बघा. नाकात घालायचे थेंब. मिठाचं पाणी असतं यात. नाक मोकळं होतं, बाळ नीट दूध पितं."

"मिठाचं पाणी!" जाऊबाईंच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तशी जीभही आली. "अहो, मीठ तर माझ्याकडे बरणीभर आहे!"

"गुळण्यांना ठेवा ते. बाळाच्या नाकात हेच. आणि ते पातेलं घरी ठेवा, आजी. पोरं भाजून येतात आमच्याकडे."

रिक्षात जाऊबाई पातेलं मांडीवर पालथं घालून बसल्या. न्हाव्याला वाटेत अर्धी दाढी आठवली आणि तो सिग्नललाच उतरला.

सूनबाईच्या दाराबाहेर चपलांशेजारी जाऊबाईंनी पातेलं ठेवलं. मग त्यांनी पिशवीही तिथेच ठेवली. क्षणभर थांबल्या, बामची बाटली काढून पदराआड धरली, आणि परत पिशवीत टाकली. मी देवाचे आभार मानले. एवढा मोठा त्याग मी दुसऱ्या कुणाच्या हातून होताना पाहिलेला नाही.

सूनबाईने दार उघडलं. केस विस्कटलेले, एक डोळा लाल. "दोन थेंब माझ्याच डोळ्यात गेलेत. आई, आज मला काही ऐकून घ्यायचं नाहीये."

"मी काही बोलतच नाही. माझ्या हातात काही आहे का बघ," जाऊबाई तळवे दाखवत म्हणाल्या.

पलंगावर ठमी चारी हातपाय झाडत होती. जाऊबाईंनी गळ्यातली टेप काढली. "कोण गं गिऱ्हाईक? मॅडम, फ्रॉक शिवायचाय का? या, माप घेऊ. हात खाली. छाती भरून श्वास."

चार दिवस मशीनशेजारी बसून ठमीने हा खेळ पाहिला होता. ती गप्पच झाली. हात सरळ खाली, छाती पुढे. जाऊबाईंनी टेप हातांवरून गुंडाळून धरली आणि मान न वळवता म्हणाल्या, "घाल आता. मी नाही, तू घाल. मला कुपी कशी दाबतात ते माहीत नाही."

सूनबाईने थेंब घातले. ठमीने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही तिच्या फ्रॉकचं कापड चोरलंय. मग ती शिंकली, आणि नाकात अडकलेलं सगळं जाऊबाईंच्या पदरावर आलं.

"सुटलं!" जाऊबाई ओरडल्या. एखाद्याची मुलगी परीक्षेत पहिली आली तरी तो इतक्या आनंदाने ओरडत नाही.

सूनबाई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "दवाखान्यात पातेलं घेऊन गेला होतात?"

"आणि न्हावी," मी म्हटलं.

"आणि नाव नाही आलं मला तिचं," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "तेही सांगून टाकते. पाळणाघरच बरोबर आहे तुझं."

सूनबाईने ठमीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "सकाळी पाळणाघर. तिला मुलं हवीत भोवती. दुपारपासून तुमच्याकडे. पण आई, कांदा नाही, लसूण नाही, पातेलं नाही. आणि ताप आला तर आधी मला फोन."

"घोटे झाकलेले चालतील?"

"घोटे चालतील."

"तेवढं पुरे," जाऊबाई म्हणाल्या, आणि चेहरा असा केला, जणू आपणच काहीतरी सोडून दिलंय.

पाळणाघर कुठल्या गल्लीत आहे आणि पोरं कुठल्या दाराने बाहेर सोडतात, हे काही त्यांना ठाऊक नाही. उद्या सकाळी त्या ते बघायला जाणार आहेत.