ऊन न सोसणारा निळा

नांदेडला मी पॉलिमरचे सौरघट करायचे, आणि ते उन्हापासून लपवून ठेवण्यात माझा निम्मा दिवस जायचा. उन्हात हवा लागली की हे पॉलिमर खराब होतं. मराठवाड्यासाठी याहून सोयीचा विषय आमच्या विभागाला सापडला नसावा.

संशोधन एवढंच: पॉलिमरची साखळी सपाट असली की तिच्यातले इलेक्ट्रॉन लांबवर मोकळे फिरतात आणि ती तांबडा उजेडही शोषते. बाजूच्या फांद्यांची दाटी झाली की, बाजारच्या गर्दीत आपण खांदे तिरके करतो तशी साखळी पिळवटते. मग तांबडा उजेड तसाच निसटतो. एका फांदीची जागा बदलायला माझं वर्ष गेलं. शेवटी काचेवर तांबडा उजेड शोषणारा, म्हणून गडद निळा दिसणारा थर उतरला, तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

शिष्यवृत्तीचं आणखी एक वर्ष त्या काचेवर अवलंबून होतं. समिती येणार म्हणून मार्गदर्शक सरांनी ती हवा लागू न देणाऱ्या नायट्रोजनच्या पेटीतून काढून गच्चीवर मांडली. मी तेव्हा निलंग्याला मामेबहिणीच्या लग्नात पंगतीला वाढत होते. समितीनंही रिवाजाप्रमाणे दोन दिवस उशीर केला. मी परतले तर काच चष्म्याच्या भिंगासारखी स्वच्छ झालेली. उजेड शोषल्याचा आलेख सपाट.

"सर, ही उन्हात कशाला ठेवली?"

"सौरघट हाय न? मग काय कपाटात ठेवायचा?"

शाल, नारळ आणि जेवण आटोपून समिती वर आली. एका सदस्यानं काच आभाळाकडे धरून विचारलं, "थर कुठंय?" मी तोंड उघडलं, पण सर आधी बोलले. "पारदर्शक सौरघट आहे, सर. खिडकीला लावायचा. समोरचं लिंबाचं झाड बघा कसं लख्ख दिसतं."

सगळ्यांनी आळीपाळीनं झाड पाहिलं. झाडाचं कौतुकही झालं. निळ्या थराचा आलेख माझ्या हातातच राहिला, आणि मला रडू आलं.

मुदतवाढ जागेवर मंजूर झाली, पारदर्शक सौरघटांसाठी. संध्याकाळी औशाला वडिलांना फोन करून सांगितलं.

"लई बेस झालं. आता वर्षभर काय करणार तू?"

"उजेड आरपार जाऊ देणारा सौरघट."

"म्हंजी बिनकामाचा?"

"हाव."