सगुणाबाईंचा पहिला टेक

सगुणाबाई भोईर तुर्भ्याला रस्त्याकडेला कांदे-बटाटे विकतात. वय अठ्ठावन्न, नवरा वारलेला, खोली भाड्याची. माहेर खाडीकाठच्या गावात. तिथे भाऊ नामदेव आता बिल्डर आहे. वडिलांच्या शेतीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर दोघांचीही नावं आहेत. या गावात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो आणि माहेर चालू राहतं. सगुणाबाईंची सही तेवढी राहिली होती.

गेल्या वर्षी नामदेवच्या मुलाने, तेजसने, बाईच्या हक्कावर पिक्चर काढला. पैसे बापाचे. वाटा मागणाऱ्या बहिणीच्या कामाला त्याने आत्यालाच घेतलं.

"ॲक्टिंग नको करू आत्या. कागद आला की फाड."

कॅमेरा सुरू झाला. कागद आला, पेन आलं आणि सगुणाबाईंनी डोक्यावर पदर घेऊन सही करून टाकली. आईला, थोरल्या बहिणीला त्यांनी तसंच करताना पाहिलं होतं. सगळे हसले, नामदेव सगळ्यांत मोठ्याने. दुसऱ्या टेकला त्यांनी कागद फाडला.

वाशीच्या हॉलमध्ये त्या फाडण्यावर टाळ्या पडल्या. नामदेवने बहिणीला शाल घातली आणि माईकवर म्हणाला, "बहिनीचा हिस्सा खानारा मर्द नाय!"

त्याच आठवड्यात सगुणाबाई त्याच्या दारात गेल्या.

"दादूस, माज्या हिश्श्याचा काय?"

"कनचा हिस्सा?"

"माईकवर बोल्लास तो."

"तो पिच्चर होता गो बाय. आता घरची इज्जत कांद्याच्या बाजूला मांडून बसशील?"

"प्लॉटवर नाव हाय माजा."

"मंग नावच खा."

सही त्यांनी दिली नाही. गौरीला माहेरचं बोलावणं आलं नाही.

यंदा गावच्या जत्रेत पिक्चर पुन्हा लागला. सगुणाबाई मागे उभ्या राहिल्या. कागद आला, पेन आलं आणि पडद्यावरच्या सगुणाने पदर घेऊन सही केली. हसणं कापलं होतं, त्या जागी सनई होती. बायकांनी डोळे पुसले.

त्यांनी तेजसला गाठलं. "फाडलेला कुटं गेला रं?"

"पप्पा बोलले तसं केलं," तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला.

प्लॉटवर आजही दोन नावं आहेत. पण सगुणाबाईंनी सही केलेली अख्ख्या गावाने पाहिली आहे. परवा माहेरची रखमा कांदे निवडता निवडता म्हणाली, "सही केलीस ना गो? मंग भावाचा बांधकाम कशाला अडवलंस?"