नऊ नंबरचा हात

आमच्या चर्चच्या सामानाच्या कपाटात, जुन्या गीतपुस्तकांच्या मागे, एक चषक आहे. ईस्टरला तो बाहेर काढतात, घासूनपुसून त्यात पांढरी फुलं घालतात आणि पुढच्या टेबलावर ठेवतात. मंडळी कौतुकाने बघतात. मी बघत नाही. तो आम्ही मुलींनी जिंकलेला चषक आहे आणि कसा जिंकला ते मला ठाऊक आहे.

चर्चच्या मागे एक सिमेंटचं मैदान होतं आणि वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेले बास्केटचे दोन खांब. तिथे रोज संध्याकाळी बाई आम्हाला खेळ शिकवायच्या. दिवसा त्या एका शाळेत पीटी शिकवत, लग्न केलेलं नव्हतं, आणि बोलणं असं की माणसाला आपण मोजे उलटे घातलेत की काय असं वाटावं. पहिल्या दिवशी मी नवा फ्रॉक घालून गेले तर म्हणाल्या, "आपण लग्नाला आलात का?" जर्सीवर नावं नव्हती, म्हणून त्या नंबरानेच हाक मारायच्या. मी आठ. आमच्यातली सर्वांत चांगली खेळाडू नऊ. पुढे आयुष्यभर आम्ही दोघी एकमेकींना आठ आणि नऊच म्हणत राहिलो.

नऊचे वडील मार्केट यार्डात पोती वाहायचे. त्यांची पाठ तेव्हाच कामातून गेली होती. ती गुलटेकडीहून सायकल मारत यायची, घामेजलेली, आणि आल्या आल्या खेळायला लागायची. मी उंच होते. माझं कर्तृत्व तेवढंच. बाकी माझे वडील बँकेत, घरी फोन आलेला, आणि सकाळी मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. तेव्हा पुण्यात दर दोन दुकानांनंतर एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता.

बाईंना धर्म आणि खेळ वेगळे करता येत नसत. पाच जणींचे हात लागल्याशिवाय चेंडू बास्केटकडे जायचा नाही, हा त्यांचा नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत प्रत्येकाने भाकरीचा तुकडा घ्यायचा. भाकरीचं तबक बाकावरून हातोहात पुढे सरके, तेव्हाही त्या कुजबुजत, "शेजारणीकडे बघून द्या. न बघता दिला तो पास नव्हे, फेकलेला चेंडू." आम्ही हसायचो. पण बघून द्यायचो.

आणि दुसरा नियम हाताचा. त्या काळी रेफरीने फाउल दिला की ज्या खेळाडूचा फाउल तिने स्वतः हात वर करायचा, अशी पद्धत होती. बाईंनी त्यावर आपलं एक कलम चढवलं होतं. शिटी वाजो न वाजो, चूक आपली असेल तर हात वर. सरावात कुणी लपवलं तर सगळ्या टीमला मैदानाच्या दहा फेऱ्या. "देवाला शिटी लागत नाही," त्या म्हणायच्या. "आणि लपवलेला हात घेऊन त्याच्या भोजनाच्या टेबलाशी जायचं नाही. उपाशी परत या, चालेल."

त्या वर्षी शहरातल्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. बाई बारा वर्षं टीम घेऊन तिथे जात होत्या आणि दरवेळी फायनलआधीच हरून परत येत होत्या. पण आमच्यासाठी त्या सामन्यात चषकाहून मोठं काही होतं. एका सरकारी खात्याच्या महिला संघात खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा होती. निवडीसाठी त्यांचे एक साहेब येऊन बसणार होते. नोकरी कायमची, पेन्शनसकट. ती नऊलाच मिळणार हे सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. तिच्या आईने तर शेजारी सांगूनही टाकलं होतं.

शेवटची आठ मिनिटं उरली होती. आम्ही एका बास्केटने पुढे. माझे चार फाउल झालेले, नऊचेही चार. पाचवा झाला की बाहेर. समोरची मुलगी बास्केटखाली उसळली आणि तिला अडवायला आम्ही दोघी एकदमच उड्या मारल्या. माझा हात तिच्या मनगटावर सपकन बसला. आवाज मला ऐकू आला. शिटी वाजली. रेफरी आमच्या पाठीमागे होता. त्याने नंबर बोटांनी दाखवला, एका हाताची पाच, दुसऱ्याची चार. नऊ.

मी हात वर करायला हवा होता. शंभर वेळा केला होता. पण डोळ्यांच्या कोपऱ्यात ते साहेब दिसत होते, वही मांडीवर घेऊन बसलेले, आणि माझा हात मांडीला चिकटून राहिला. नऊने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. रेफरी ओरडला. तेव्हा तिने हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता, बाईंना आवडायचा तसा, आणि जाऊन बाकावर बसली.

आम्ही एका गुणाने जिंकलो. शेवटच्या आठ मिनिटांत मी जन्मात खेळले नव्हते तशी खेळले. महिन्याभराने पत्र आलं ते माझ्या नावाने. नऊ पेढे घेऊन घरी आली. पेढे तिने आणले होते, मी नाही.

आणि मी ती नोकरी घेतलीच नाही. पत्रानंतर तीन आठवड्यांनी मला एका सॉफ्टवेअर कंपनीत घेतलं. पगार सरकारी जागेच्या अडीचपट. वडील म्हणाले, आता कोण सरकारी नोकरी करतं? सगळं पुणं तेव्हा तेच म्हणत होतं. मी नकाराचं पत्र टाकलं. ती जागा त्या वर्षी रिकामीच राहिली. नऊ एका हॉस्पिटलात वॉर्डमध्ये लागली, बेडपॅन उचलायला, आणि बावीस वर्षं तिथेच राहिली. तिला सगळे मावशी म्हणायला लागले तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

मी बाईंची विद्यार्थिनी होते, त्यामुळे निदान अर्धा नियम पाळला. लपवलेला हात घेऊन टेबलाशी गेले नाही. चर्चमध्ये आम्ही तिघी एकाच बाकावर बसायचो. कडेला बाई, मध्ये नऊ, मग मी. तबक बाईंकडून नऊकडे यायचं, नऊ ते माझ्याकडे बघून द्यायची, आणि मी तुकडा न घेता, न बघता पुढे सरकवायचे. आईला सांगितलं, ॲसिडिटी आहे. पुढे पहिल्या रविवारी ऑफिसात पुष्कळदा कुठल्यातरी सॉफ्टवेअरची रिलीज असायची. सहकाऱ्यांना वाटायचं मी फार कष्टाळू आहे. दोन वर्षं अमेरिकेत होते, तिथे कुणी ओळखत नव्हतं, तरी तिथेही नाही घेतलं. हिंजवडीला टीम लीड झाले. लोकांना टीमवर्कवर प्रेझेंटेशन द्यायचे. स्लाइडवर मी एकदा बास्केटबॉलचं चित्रही टाकलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

सांगायचं दरवर्षी ठरवत होते. पण जसजसा उशीर होत गेला तसतसं त्या उशिराचंच कारण द्यावं लागणार, हे कठीण होत गेलं.

मग नऊला पोटाचा कॅन्सर निघाला. ज्या वॉर्डात ती इतकी वर्षं राबली त्याच वॉर्डात तिला खाट मिळाली, खिडकीजवळची, कारण सिस्टर ओळखीच्या. मी डाळिंबं घेऊन गेले आणि ऑफिसच्या गप्पा मारून आले. दुसऱ्यांदा गेले, ट्रॅफिकबद्दल बोलले. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा दुपारची वेळ होती, ती उशीला टेकून बसली होती, हात काटकीसारखे झालेले. ते हात बघून माझ्या तोंडून निघालं.

"नऊ, त्या फायनलचा शेवटचा फाउल."

"तुझा होता," ती म्हणाली. "मग? माझा हात तिथे पोचलाच नव्हता. मला माहीत नसेल होय?"

मी विचारलं, "मग तू हात का वर केलास?"

"आधी थांबले की. तुझ्याकडे बघत. वाटलं, तू करशील." ती दम घ्यायला थांबली. "मग तो रेफरी ओरडायला लागला. शिटी आपल्यावर वाजली होती ना गं. आपल्यातल्या कुणीतरी करायलाच हवा होता."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हळू. सिस्टर मला ओरडतील, पेशंटना त्रास दिला म्हणून." मी माफी मागितली. बावीस वर्षं घोकलेलं वाक्य होतं, तेही धड बोलता आलं नाही.

"माफ केव्हाच केलं होतं," ती म्हणाली. "राग यायचा तो वेगळ्याचा. यायचीस तेव्हा मी तबक तुझ्या हातात द्यायचे आणि तू पुढे ढकलायचीस. मला वाटायचं, हिला सांगावं, घे बाई, घे आता. पण तू बघायचीच नाहीस." मग म्हणाली, "येत्या पहिल्या रविवारी घे. दोन तास सोडतील मला, सिस्टरांना विचारलंय. मी बघणार आहे. आणि बाईंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना वाटेल, आपलं शिकवणं वाया गेलं."

ती गुरुवारी गेली. शनिवारी दफन झालं. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता.

दफनानंतर मी बाईंना विश्रांतवाडीला त्यांच्या घरी सोडायला गेले. बाई ऐंशीला टेकल्या होत्या, चालताना काठी लागायची, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. चहा करू का विचारलं, तर नको म्हणाल्या. बसल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शेवटचा फाउल तुझा होता."

बाईंना सांगू नकोस, असं नऊने बजावलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी कडेलाच उभी होते. चार हातांवर." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मी बोलले असते तर तू बाहेर गेली असतीस. बास्केटखाली उंच कुणी उरलं नसतं. बारा वर्षं मी त्या चषकाच्या मागे होते. तुम्हाला हात वर करायला शिकवलं आणि स्वतः हाताची घडी घालून उभी राहिले."

"ती नोकरी तिची होती, बाई."

"मला कळत नाही होय? नंतर वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, ती बोलेल. तिघी एका बाकावर बसतो बावीस वर्षं, आणि तिघींनी मिळून एक अवाक्षर काढलं नाही. छान टीमवर्क."

तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, की नऊला सगळं माहीत होतं आणि तुम्हाला कळू नये म्हणून ती शेवटपर्यंत जपत होती. सांगायला नको होतं. बाईंना मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि मला जा म्हणून हाताने खुणावलं. मी गेले नाही. अंधार पडेपर्यंत त्यांच्याजवळ बसले.

रविवारी आम्ही आमच्या बाकावर बसलो. कडेला बाई, मग मोकळी जागा, मग मी. जागा सोडायचं आम्ही ठरवलं नव्हतं. पाळकांनी प्रभुभोजनाआधी सांगितलं, आता शांतपणे आपापली पापं मनात कबूल करा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि हात वर केला. सरळ. कोपर वाकलं नव्हतं.

मंडळीतले एक वडीलधारे लगबगीने आले, वाकून विचारू लागले, "बाई, काय होतंय? पाणी हवंय का?"

"नको," बाई म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "फाउल झालाय."

पुढच्या दोन बाकांनी मागे वळून पाहिलं. मीही हात वर केला. लोक काय म्हणतील, असं मनात आलं आणि गेलं. बाईंचा हात खाली येईपर्यंत पाळक थांबले.

मग तबक निघालं. आमच्या बाकाशी आलं. बाईंनी भाकरीचा तुकडा घेतला आणि माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत बघत तबक पुढे धरलं. ते माझ्यापर्यंत पोचेना. त्यांचा हात लांबत नव्हता आणि मध्ये नऊ नव्हती. तबक घ्यायला मला तिच्या जागेवर सरकावं लागलं.