ताडून बघायची जागा

"हळू रे, खाली लोक झोपलेत." कॅमेरा समुद्राच्या तळाशी टेकायला आला की ताई दोन्ही तळवे हवेत दाबत म्हणायच्या. खाली काय, तर अंधार, गाळ, पांढरे स्पंज आणि त्यांना बिलगलेले तारामासे. पण ताईंच्या लेखी ती बिऱ्हाडं होती.

आमचं ऑफिस स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबर्डीनला. तेलाची विहीर खणण्याआधी आणि नंतर तळाचं शूटिंग करायचं आणि काय बिघडलं ते सांगायचं, हे काम. मी पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, बोटीवर पाय ठेवला की उलट्या. ताई आमच्या समुद्री जीवांच्या तज्ज्ञ, समुद्राचं तोंड न बघता नागपुरात वाढलेल्या, आणि भर वादळात कांदेपोहे परतायच्या. एकदा फोडणीनं फायर अलार्म वाजला, तर कॅप्टन बशी घेऊनच आला.

अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताईंचा हट्ट एका जागेसाठी होता. विहिरींपासून खूप लांब, प्रवाहाच्या उलट अंगाला, त्यांनी स्वतः निवडलेला तळ. तिथे काहीच पोचणार नाही, म्हणून बाकी सगळं त्या जागेशी ताडून बघायचं. विहिरींची घाण जवळच राहते, असं त्यांनीच विहिरींच्या परवान्यांच्या सरकारी सुनावणीत सांगितलं होतं. त्या भरवशावर परवानग्या निघाल्या.

गेल्या उन्हाळ्यात कॅमेरा तिथे उतरला. मला वाटलं, लेन्सवर काहीतरी बसलंय. वर घेऊन पुसली, पुन्हा सोडला. स्पंजांवर राखाडी साय धरली होती. तारामासे गायब. वर आणलेल्या गाळात विहिरी खणताना वापरतात तीच भुकटी निघाली. ताई स्क्रीनला नाक लावून बसल्या, जेवायलाही उठल्या नाहीत. खरं सांगतो, मला भीती वाटली.

साहेब गोडीत म्हणाले, समुद्रात असं व्हायचंच, दुसरी जागा निवडा.

"निवडेन की," ताई म्हणाल्या. "पण ती चांगली आहे, हे कशाशी ताडून सांगू?"

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "माझ्या शब्दावर खणलंय रे त्यांनी."

तो शब्द त्यांनी सरकारी खात्याकडे जाऊन परत घेतला आणि नोकरी सोडली. विहिरी चालूच राहिल्या.

यंदा नवी जागा शोधायला मला पाठवलं. ताईंची आठवण आली, रागही आला. इथे त्या हव्या होत्या. कॅमेरा सोडला, तीच साय. बोट पुढे नेली, पुन्हा तीच. कॅप्टननं विचारलं, अजून किती लांब? मी नकाशा बघितला. पुढे ब्रिटनची हद्द संपत होती.