उमेदवार गैरहजर

तेओपिस्ता नामुक्वायानं बारा वर्षं दुसऱ्यांच्या पदवीदानाचे झगे शिवले. मासाका रस्त्यावरच्या तिच्या एका खोलीत पोरं यायची, मापं द्यायची, काळा घोळदार झगा अंगावर चढवून फोटो काढायची आणि पुन्हा म्हणून त्या गल्लीत फिरकायची नाहीत. एकदा एक पोरगी आरशासमोर गिरकी घेत म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसते शिवताच होय? घालत नाही कधी?" पोरगी सहज बोलून गेली, पण तेओपिस्ताच्या ते जिव्हारी लागलं. अडतिसाव्या वर्षी तिनं बुवेम्बा विद्यापीठात वस्त्रकलेच्या पदवीसाठी नाव घातलं. दिवसा वर्गात बसायची, संध्याकाळी मशीनवर.

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि रोग आला. विद्यापीठाचं फाटक बंद, गाड्या बंद, मोटरसायकलवर मागे माणूस बसवायला बंदी. संध्याकाळी सातनंतर कुणी रस्त्यावर दिसलं की पाठीत काठी. पदवीदानच नाही म्हटल्यावर झगे कोण शिवून घेणार? तिची फेरेसिता आत्या मार्चमध्ये एका मयताला म्हणून गावाहून आली होती, ती इथेच अडकली. खाणारी तोंडं दोन आणि काम शून्य.

शेजारी इमेल्डा नावाची नर्स राहायची. सरकारी दवाखान्यात ती कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी अंगात घालून कामाला जायची. पिशवीला डोकं आणि हात घालायला तीन भोकं पाडलेली. घरी आली की अंगावर घामोळ्यांची जाळी. तेओपिस्ता तिच्याकडे बघत राहिली आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं, की पदवीचा झगा पुढून उघडा असतो; तो उलटा घातला, मागे नाड्या दिल्या आणि रुंद बाह्या मनगटाशी आवळल्या, की झाला दवाखान्याचा झगा. छत्रीच्या कापडाचा शिवला तर पाणी आत शिरत नाही आणि धुऊन पुन्हा घालता येतो. तिनं एक शिवून दिला. आठ दिवसांत इमेल्डाच्या दवाखान्यातून चाळीस झग्यांची मागणी आली.

पण छत्रीचं कापड पायाच्या मशीनवर धड चालेना. दोन झगे शिवले की सुई मोडायची. विद्यापीठाच्या शिवणशाळेत विजेवरची आठ मशीनं होती, कुलपात, धूळ खात. त्या कुलपाची किल्ली मिळाली तर चार बायका हाताशी घेऊन दवाखान्याचे दवाखाने झाकता आले असते. तेओपिस्ताला दुसरं काही नको होतं.

आणि नेमका फोनवर निरोप आला. 'या कठीण काळात विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या उद्योगांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे.' पाच विद्यार्थी निवडणार, त्यांना शिवणशाळेची, सुतारशाळेची, ज्याला जी हवी तिची किल्ली देणार आणि रस्त्यावर फिरायचा परवानाही. तेओपिस्तानं रात्रंदिवस एक करून झग्याचं बेतणं कागदावर काढलं, मापं लिहिली, फोटो काढून पाठवला. मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत अर्थात फोनवर, चेहरा दाखवून. सात मिनिटं.

तिनं तयारी केली ती अशी, की बघणाऱ्यानं वाखाणावी. फोन मशीनवर ठेवला आणि मागे कोळशाच्या इस्त्रीचा टेकू दिला. खुर्ची पुढेमागे सरकवून चेहरा आणि खांदे बरोबर चौकटीत बसवले. इंग्रजीतली सात मिनिटं तोंडपाठ केली. आत्या ठेवणीतला पोशाख घालून पलंगावर बसली होती, जणू मुलाखत तिचीच.

आमच्याकडे मुलीला वळण लावायचं काम आईकडे नसतं, आत्याकडे असतं. मोठ्यांशी, मानाच्या पुरुषांशी बोलताना बाईनं गुडघे टेकायचे, नजर खाली ठेवायची, आवाज हळू ठेवायचा, हे फेरेसिता आत्यानं तेओपिस्ताच्या अंगात ती पाच वर्षांची असल्यापासून मुरवलं होतं. इंग्रजीत मात्र तिला गुडघे टेकायची सवय नव्हती. इंग्रजी वर्गातली भाषा, बाकावर बसून बोलायची.

पडद्यावर चार परीक्षक आले. मध्यभागी प्रोफेसर मायांजा. सकाळपासून त्यांनी पोराटोरांशी इंग्रजीच झाडलं होतं. या बाईचं वय बघून त्यांना आपुलकीचा उमाळा आला आणि त्यांनी आमच्या लुगांडा बोलीत विचारलं, "काय नामुक्वाया बाई, कशा आहात? घरची मंडळी बरी?"

झालं. आपल्या बोलीत, मानाच्या माणसानं क्षेमकुशल विचारलं आणि तेओपिस्ताचं अंग तिला न विचारताच खाली गेलं. गुडघे जमिनीला, नजर जमिनीला, हात मांडीवर. "आम्ही बरे आहोत, साहेब. आपण कसे आहात? आपल्याकडची मंडळी?" हे सगळं हळू आवाजात, वळणाला धरून.

वर इस्त्रीला टेकलेला फोन रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर दाखवत राहिला.

"हॅलो? बाई कुठे गेल्या?" परीक्षक आपसात इंग्रजीत बोलायला लागले. आत्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"उठून गेल्या वाटतं. कमाल आहे!"

"इथेच आहे, साहेब," खालून तेओपिस्ता म्हणाली, पण तशा आवाजात ते पलंगापर्यंतसुद्धा धड पोचलं नाही. ती उठायला गेली तर आत्यानं डोळे वटारले आणि हातानं खूण केली, बैस, त्यांचं विचारून होऊ दे.

"जाऊ दे, वेळ चाललाय. पुढचा घ्या," मायांजा म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

दोन दिवसांनी कागद आला. 'मुलाखतीस उमेदवार गैरहजर.'

"काय गं, काय झालं?" आत्यानं विचारलं.

"नेटवर्क गेलं, आत्या." त्या म्हातारीला दुसरं काय सांगणार?

ती दोन तास चालत विद्यापीठाच्या फाटकावर गेली. रखवालदार गजांच्या आडून म्हणाला, "प्रोफेसर घरून काम करतात, बाई. मेल करा." तिनं मेल केला. त्याच क्षणी उत्तर आलं, की विद्यापीठ आपल्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे. इतक्या झटपट तर देवही कुणाचं ऐकत नाही.

पावणेदोन महिन्यांनी शिवणशाळेतून फोन आला. अर्नोल्ड नावाचा पोरगा बोलत होता, निवडलेल्या पाचांतला. "मावशी, दवाखान्यासाठी झगे शिवतोय आम्ही. कापणाऱ्यानं कापडाची वाट लावली. बाह्या बसतच नाहीत. तुम्हाला कापणी येते म्हणे? रोजावर याल?"

ती गेली. विजेवरची आठही मशीनं सुरू होती. मेजावर बेतण्याच्या कागदाचा मोठा करून छापलेला फोटो पसरला होता आणि त्यावर मापं होती तिच्या अक्षरात. सातचा आकडा ती लहानपणापासून आडवी रेघ मारून काढते.

"हा कागद कुणाचा रे?"

"ऑफिसनं दिला, मावशी. अर्जांबरोबर आलेलं सगळं विद्यापीठाचंच असतं ना." पोराच्या मनात पाप नव्हतं. त्यानं तिला चहासुद्धा दिला.

तेओपिस्ताला कात्री तिथेच फेकून निघून जावंसं वाटलं. पण इमेल्डाचा तो एकुलता एक झगा एव्हाना फाटला होता आणि सकाळी ती पुन्हा प्लास्टिकची पिशवी घालूनच कामाला गेली होती. तेव्हा तिनं कापड अंथरलं आणि आपलाच झगा रोजावर कापायला घेतला.

तिसऱ्या आठवड्यात मायांजा फोटोवाल्याला घेऊन आले. शिवणाऱ्या बायका पटापट मशीनांवरून उठून गुडघ्यांवर आल्या. तेओपिस्ता कात्री हातात धरून उभीच राहिली.

मायांजा हसले. "शिकल्या-सवरल्या बायकांना हल्ली गुडघे नसतात वाटतं?"

"आहेत, साहेब," ती म्हणाली. "मे महिन्यात तुमच्यापुढे टेकले होते. तुम्ही गैरहजर लिहिलंत."

त्यांना काहीच आठवेना. "मे महिन्यात? अहो, तेव्हा नेटवर्कच तसलं होतं," ते म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले. फोटो निघाला, झगा हातात धरलेल्या अर्नोल्डचा. संध्याकाळी मुकादमानं तेओपिस्ताला सांगितलं, की कापणीचं काम आता संपत आलंय, सोमवारपासून यायची गरज नाही.

घरी आत्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. गल्लीत बातमी आधीच पोचली होती.

"प्रोफेसर आले होते म्हणे? नीट बोललीस ना?"

"हो, आत्या."

"गुडघे टेकून?"

"टेकून."

आत्याचा चेहरा खुलला. "मग! त्या दिवशी तुझं ते मेलं नेटवर्क गेलं खरं, पण तू कशी वाकलीस ते त्यांच्या ध्यानात राहिलं बघ. म्हणून तर बोलावलं तुला कामावर. वळण कुणी लावलं?"

"तुम्ही, आत्या," तेओपिस्ता म्हणाली आणि तिच्या शेजारी शेंगा सोलायला बसली.