हळदीचा दोरा

इथे आखातात आमच्या नईम भागातल्या दवाखान्यात एमआरआयचं मशीन नाही, म्हणून पेशंटला झिंज भागातल्या सेंटरवर पाठवतात. डोकेदुखीसाठी मीही गेले. तिथल्या मदतनीस बाईंनी हिंदीतून सगळे दागिने काढायला सांगितले. मंगळसूत्रापाशी माझा हात अडला.

"मराठी ना? आपल्या सगळ्याच इथे अडतात." त्यांनी खिशातून हळदीत भिजवलेला दोरा काढून माझ्या गळ्यात बांधला. "हा मशीनला चालतो."

मी बाहेर आले तेव्हा माझं मंगळसूत्र त्यांच्या मुठीतच होतं. लॉकरवर त्यांचा भरवसा नसावा.

त्यांचा गळा मोकळा होता. "तुम्ही घरीच काढून येता?"

"आमचे हे गेल्यापासून काढावं लागत नाही," म्हणत त्या घाईने माझा दोरा सोडवायला आल्या.

"असू द्या," मी म्हटलं. "तुमच्या हातचा आहे."