मागे घेतलेला नियम

घाटनांदूरच्या भिवराने संगणकाला एक नियम शिकवला होता. आजीचं नाव मिरवणारी ही पोरगी साखर कारखान्याच्या कॉलेजात तासावर गणित शिकवायची. बीजगणित सोडवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, त्यात जगभरातली माणसं भर घालायची. संमिश्र संख्येच्या घातांकी राशीचं वर्गमूळ हवं असलं की तिचा कोन सरळ निम्मा करावा, हा भिवराचा नियम त्यांनी घेतला. दुष्काळाने कारखाना बंद होता, तरी चेअरमन अर्जुनरावांनी शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला आणि पुढच्या बैठकीत कायम करतो, असं भर सभेत सांगितलं.

तिचे वडील गहिनीनाथ चारा छावणीत बैलांपाशी होते. डबा घेऊन ती गेली तेव्हा त्यांनी विचारलं, एवढा सत्कार कशाचा? अशी राशी म्हणजे वर्तुळावरचा एक बिंदू, असं सांगून तिने मातीत वर्तुळ काढलं आणि कोन निम्मा करून दाखवला. गहिनीनाथांची हयात ऊसतोडीत आणि खळ्यावर बैल फिरवून मळणी करण्यात गेलेली. असा माणूस वर्तुळाला काय भिणार?

"बैल कुठं हुबा हाय ते दिसतंय," ते म्हणाले, "पर फेरे किती झाले ते कसं कळंल? फेरेच ठावं न्हाईत तर निम्मं कशाचं करतीस?"

भिवराने मातीतल्या वर्तुळावर बोट फिरवलं. तीनशे साठ अंशांचा पुरा फेरा झाला की बैल मूळ जागी, म्हणजे राशी एक. संगणक धरतो ते तिचं मुख्य वर्गमूळही एक. तिचा नियम मात्र एकशे ऐंशी अंशांवर जाऊन उणे एक सांगत होता.

तिने चूक सांगितली तेव्हा अर्जुनराव म्हणाले, बैठक होईपर्यंत गप्प बस, झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी तिला हवी होती, आईबापांची ऊसतोड थांबवण्यासाठी हवी होती. पण कुठंतरी कुणाचं तरी उत्तर आपल्या नावाने उलटं येतंय, हे तिला सहन होईना. नियम चुकला आहे, काढून टाका, असं तिने त्याच दिवशी सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं. बैठकीत तिचं नाव निघालंच नाही.

ती रडली, तोंड धुतलं आणि छावणीत गेली.

"मंग आता ते यंत्र काय करतंय?" गहिनीनाथांनी विचारलं.

"वर्गमुळाला आपणहून हात लावत न्हाई, आबा. कोन कुठून कुठवर हाय ते सांगितलं तरच सोडवतंय."

बैलापुढे कडबा टाकत ते म्हणाले, "मंग आता शानं झालं."

दुसऱ्या दिवशी तासाला भिवराने फळ्यावर पहिलं उदाहरण स्वतःच्या चुकीचं घातलं.